खांद्यावरची चार बोटं

१२ जानेवारी

भिंगरे,

तुझी यादी पोचली. तुझ्या आईनं ती मला वाचून दाखवली. मी तिला पुन्हा वाचायला लावली, कारण पहिल्यांदा मला वाटलं की ती स्वतःच्या मनाचं काहीतरी वाढवतेय. हे पत्रही तीच लिहितेय. मी बोलेन तसंच उतरवायचं असं बजावलंय, पण मी श्वास घ्यायला थांबले तरी हिचं पेन चालूच असतं. तेव्हा कुठे कंसात काही सापडलं तर ते माझं नव्हे.

(आईंचं सगळंच उतरवलं तर पाकिटाऐवजी पेटी पाठवावी लागेल. तुझी आई.)

बघितलंस? सुरू झालं.

फोन कर म्हणतेस. फोनवर तू 'सगळं छान' म्हणतेस आणि ठेवून देतेस. कागदावर खोटं बोलायचं तर बैठक मारून बसावं लागतं, आणि दिवसभर लोकांच्या कवळ्या घडवून, घासून आल्यावर तुझ्यात तेवढं त्राण उरत नाही. म्हणून पत्रच बरं.

तर यादी. तुझ्या नवऱ्याला तुझ्याजवळ राहायचंय, एवढीच साधी गोष्ट. पण तिथल्या सरकारला त्याचा जन्मदाखला हवा, तुमच्या लग्नाचा दाखला हवा, पोलिसांकडून चांगल्या वागणुकीचा दाखला हवा आणि छातीच्या आतला फोटोही हवा. आम्ही मुलगा बघितला तेव्हा बाहेरूनच बघितला होता. आत डोकवायचं आम्हाला सुचलंच नाही.

शिडीचा जन्मदाखला त्याच्या वडिलांनी आणून दिला. नवऱ्याला शिडी म्हणायचं नाही असं तू लग्नानंतर मला बजावलं होतंस, ते लक्षात आहे. पण माणूस एवढा उंच, त्यातून पोटापाण्याला लिफ्ट दुरुस्त करतो, मग मी तरी दुसरं काय म्हणू?

वागणुकीच्या चौकशीला एक पोलीस घरी आला. बिचारा भला होता. म्हणाला, "आजी, ह्यांची वागणूक कशी आहे?"

मी म्हटलं, "जेवल्यावर स्वतःचं ताट उचलतो. चहात साखर कमी पडली तर बोलत नाही, नुसता कपाकडे बघत बसतो. ते मला आवडत नाही."

"तसं नाही हो. काही गुन्हा वगैरे?"

"बायकोला नोकरी लागली म्हणून तिच्या मागे मागे परदेशी गेला. हे तुमच्यात बसतं का?"

नाही बसत म्हणाला. दाखला सोबत जोडलाय.

राहता राहिले फोटो. 'दोघांचे एकत्र, वेगवेगळ्या वेळचे, जितके जास्त तितके चांगले.' हे काम मी कोणाला करू दिलं नाही. मला अक्षरं कळत नसली तरी चेहरे चांगले कळतात. सगळे अल्बम गादीवर पसरले आणि एकेक निवडला. ज्यात कोणाचे डोळे मिटलेत ते बाजूला काढले. ज्यात मी बरी दिसते ते पाकिटात घातले.

(मी म्हणत होते की एकदा नीट बघू या. पण ऐकतंय कोण.)

अर्ज फेटाळला तर त्याला उन्हाळ्याच्या आत परत यावं लागेल असं तू शेवटी बारीक अक्षरात लिहिलंयस. तुझी आई ते हळूच वाचत होती, पण मला ऐकू आलं. असं कसं चालेल? म्हणजे लिफ्टचा डबा इकडे आणि दोर तिकडे. काही होणार नाही, एवढे कागद दिल्यावर त्यांचीच कपाटं भरतील.

खाली अंगठा उठवतेय. शाई जास्त लागली, त्याला तुझी आई जबाबदार.

आजी

९ फेब्रुवारी

आजी,

नमस्कार. वाकले आहे असं समज, ह्या खोलीत खरंच वाकले तर डोकं कपाटाच्या कडेला आपटतं.

सगळे कागद घेऊन आम्ही कचेरीत गेलो होतो. खिडकीपलीकडे एक चष्मेवाल्या बाई असतात. त्या कधी हसत नाहीत आणि कधी चिडतही नाहीत. त्यांनी दाखले बघितले, शिक्के बघितले, सगळं ठीक म्हणाल्या. मग तू पाठवलेलं फोटोंचं पाकीट उघडलं.

पहिला लग्नातला. "हे लग्न कोणाचं?"

"आमचं."

"मग मधे कोण?"

"आजी."

दुसरा, आपण टेकडीवर गेलो होतो तेव्हाचा. "मधे?"

"आजी."

तिसरा मोटारीतला, मागच्या सीटवरचा. त्यांनी विचारलंच नाही, नुसतं शिडीकडे बघितलं (तुझ्यामुळे आता माझ्याही तोंडी हेच नाव बसलंय). तो हळूच म्हणाला, "त्याच आजी."

चौथ्यात तू काळा चष्मा लावून बसलीयस. बाईंना जरा आशा वाटली. "ह्या कोणी वेगळ्या?"

"नाही, आजीच. डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं."

आजी, सगळ्या पाकिटात एकसुद्धा फोटो असा नाही ज्यात आम्ही दोघं शेजारी आहोत. प्रत्येकात तू मधे आहेस. लग्नातल्या फोटोत तर शिडीचा हात तुझ्या खांद्यावर आहे, आणि मी पलीकडे कोणाची तरी करवली असल्यासारखी उभी आहे. बाई तो फोटो उजेडात धरून म्हणाल्या, "ह्यावरून मला एवढंच दिसतं की ह्यांचं लग्न ह्या आजींशी झालंय."

शिडी कानापर्यंत लाल झाला. खोटी लग्नं दाखवून पुष्कळ लोक अर्ज करतात, म्हणून त्यांना नीट बघावंच लागतं. पाकीट त्यांनी फाइलला लावून ठेवलं आणि आम्हाला सांगितलं, फक्त दोघांचे फोटो आणा.

आई, अल्बममधे खरंच एकही नाही का गं? तूच एकदा बघ.

भिंगरी

२४ फेब्रुवारी

भिंगरे,

तुझं पत्र ऐकून तुझी आई एवढी हसली की वाचायची थांबली. आता कागदावर डाग पडलेला दिसला तर समज की चहा सांडलाय. तिच्या नाकातून.

(आई!)

मी मधे असते ह्यात माझा काय दोष? मी बुटकी. कडेला उभी राहिले की फोटोवाला मला अर्धी कापतो. तुझ्या मामाच्या लग्नाचा फोटो बघ, माझा फक्त कान आलाय.

आणि त्या चष्मेवाल्या बाईला सांग, मी काही आज मधे आलेली नाही. मी होते म्हणून तुमचं जमलं. आपल्या इमारतीची लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकली तेव्हा आत कोण होतं? मी. वरच्या मजल्यावरून जाळीतून वाकून बघणारा कोण? हा लांबोडा. आणि खालच्या मजल्यावर उभी राहून "आजी, घाबरू नकोस" म्हणून रडत कोण होतं? तू. तुला वर काय चाललंय ते दिसेना, त्याला खालचं ऐकू येईना. मग तू विचारायचीस, "अहो, किती वेळ लागेल?" ते मी वर ओरडून सांगायची. तो म्हणायचा, "त्यांना म्हणावं, रडू नका." ते मी खाली ओरडून सांगायची. लिफ्ट सुटेपर्यंत त्याचं गाव, घर, पगार, बहिणी किती, सगळं मी विचारून घेतलं होतं. अडकलेल्या बाईला कोणी नाही म्हणत नाही. खाली आले तेव्हा तुझ्या कानात म्हटलं, मुलगा बरा आहे, पण फार उंच आहे. आठवतंय ना?

असो. अडचण आली की तोंड पाडून बसायचं हे मला जमत नाही. तुझी आई म्हणाली, दोघांचाच असा फोटो एकही नाही. मी म्हटलं, नाही तर करू. त्याच फोटोंच्या दुसऱ्या प्रती घरात होत्या, पडदे कापायची कात्री घेतली आणि लग्नाच्या फोटोतून मला कापून काढली. टेकडीवरूनही काढली, मोटारीतूनही काढली. मग तुम्हा दोघांना शेजारी शेजारी चिकटवलं. छान दिसताय.

(मी कात्री लपवली होती. त्यांनी शोधली.)

मधल्या सगळ्या मी बिस्किटांच्या डब्यात ठेवल्यात. झाकण उघडलं की सगळ्या एकदम माझ्याकडे बघतात. मी म्हटलं, बायांनो, जरा दम धरा.

चिकटवलेले फोटो सोबत आहेत. अंगठ्याला डिंक लागलाय, ठसा नीट उठला नाही तर समजून घे.

आजी

१५ मार्च

आजी,

तुझे फोटो मिळाले. मी ते कपाटात अगदी खाली, लोकरीच्या कपड्यांखाली ठेवलेत. कापून चिकटवलेला फोटो सरकारला देणं हा इथे गुन्हा आहे. आधी आमचं लग्न खोटं वाटत होतं, हे दिलं असतं तर आम्हीही खोटे ठरलो असतो.

शिवाय लग्नाच्या फोटोत शिडीचा हात माझ्यापर्यंत येतो आणि मनगटापुढे संपतो. त्याला बोटंच नाहीत. माझा अर्धा चेहरा तुझ्या अंबाड्यानं झाकलेला होता, तोही तू अंबाड्याच्या आकारात कापलायस. शिडीनं तो फोटो बराच वेळ बघितला आणि म्हणाला, "माझी बोटं कुठे गेली?" मी म्हटलं, आजीच्या डब्यात.

मग आम्ही नवे फोटो काढले. शेजारी एक निवृत्त बसचालक बाई राहतात, त्यांना बोलावलं. स्वयंपाकघरात एक, जिन्यात एक, बागेतल्या बाकावर एक. त्या प्रत्येक वेळी हातानं काहीतरी खूण करत होत्या, पण आमचं लक्ष कॅमेऱ्याकडे होतं. छापून घेतले आणि त्याच दिवशी कचेरीत देऊन आलो. बाकावरच्याची एक प्रत तुला पाठवतेय.

आता सगळं छान आहे. काळजी करू नकोस. इथली हवा छान आहे, काम छान आहे, शिडीही छान आहे. आईला नमस्कार. तू स्वतःला जप.

भिंगरी

८ एप्रिल

भिंगरे,

तुझं पत्र आल्यापासून मला जेवण गोड लागेना. शेवटच्या ओळी तुझ्या आईला पुन्हा पुन्हा वाचायला लावल्या. हवा छान, काम छान, नवरा छान. एकही टोमणा नाही, एकही तक्रार नाही. तू लहानपणी असं बोलायला लागलीस की मी आधी तुझ्या कपाळाला हात लावून बघायची.

आणि मग बाकावरचा फोटो. भिंगरे, मला अक्षर ओळखता येत नाही, पण हे मी आंधळी असते तरी मला दिसलं असतं. तू बाकाच्या ह्या टोकाला, तो त्या टोकाला. मधून म्हैस निघून जाईल. तुझी आई म्हणते, बाक मोठा असेल. बाक मोठा असला म्हणून काय झालं? भांडलात ना? खरं सांग.

भांडण झालं तर झालं. मी आणि तुझे आजोबा एकदा पंख्याच्या वेगावरून इतके भांडलो होतो की एक जण गॅलरीत आणि एक जण घरात अशी जेवणं झाली होती. पण फोटो काढायचाय म्हटल्यावर शेजारी बसायचं, फोटो झाला की पुन्हा भांडायचं. एवढं तुम्हाला कोणी शिकवलं नाही का?

आणि तो तरी काय! एवढे लांब हात देवानं दिलेत, एक इकडे टाकता आला नाही?

उत्तर लगेच पाठव. नाहीतर मी तुझ्या आईला फोन लावायला सांगेन, आणि फोनवर मी काय बोलेन ते तिला लिहून काढावं लागणार नाही, त्यामुळे तोंड आवरणार नाही.

(गेले काही दिवस आई तो फोटो उशीखाली घेऊन झोपतात. लवकर लिही.)

आजी

२ मे

आजी,

आम्ही भांडलो नव्हतो. पण 'छान' मात्र खोटं होतं, तू बरोबर ओळखलंस.

नवे फोटो दिले त्याच दिवशी बाईंनी ते बघितले आणि आम्हाला मुलाखतीची तारीख दिली. हे मी तुला लिहिलं नाही. मुलाखतीला बोलावलं म्हणजे संशय आहे असं सगळे सांगत होते. शिडीनं बॅग भरून दारापाशी ठेवली होती. मी कामावर जाताना रोज ती ओलांडून जायची. तो म्हणायचा, "फक्त तयारी." मी म्हणायची, "हो, फक्त तयारी." तेव्हाच मी तुला ते गोड पत्र लिहिलं.

मुलाखतीत आम्हाला वेगवेगळ्या खोल्यांत बसवलं आणि दोघांना सारखेच प्रश्न विचारले. आधी कोण उठतं? मी म्हटलं मी, तो म्हणाला तो. घोरतं कोण? मी त्याचं नाव घेतलं, त्यानं माझं. स्वयंपाकघरातला नळ कोणी दुरुस्त केला? तो म्हणाला त्यानं. मी म्हटलं, कोणीच नाही, तो अजून गळतो. आजी, एकही उत्तर जुळत नव्हतं.

मग बाईंनी नवे फोटो टेबलावर मांडले. स्वयंपाकघरातला, जिन्यातला, बाकावरचा. तेव्हा मी पहिल्यांदा नीट बघितलं. तिन्हीत आमच्यामधे तेवढीच जागा. शेजारच्या बाई हातानं 'जवळ या, जवळ या' अशा खुणा करत होत्या, ते मला तिथे कळलं.

बाई म्हणाल्या, "नवराबायको एवढे लांब का उभे?"

माझ्या तोंडून विचार न करता निघालं, "ती आजीची जागा आहे."

बाई उठल्या आणि शेजारच्या खोलीत गेल्या. भिंत पातळ होती. मला ऐकू आलं, त्यांनी त्यालाही तेच विचारलं. मग शिडीचा आवाज, आणि त्यात आश्चर्य असं की हे काय विचारताय, "तिथे आजी बसतात ना."

त्या परत आल्या. फाइलमधून तुझं पहिलं पाकीट काढलं आणि एकेक जुना फोटो एकेका नव्या फोटोखाली ठेवला. अंतर तेवढंच, आजी. तंतोतंत तुझ्या मापाचं. मग त्यांनी विचारलं की तुमची भेट कशी झाली, आणि मी लिफ्टची गोष्ट सांगितली. दोन मजल्यांच्या मधे तू अडकली होतीस म्हटल्यावर त्या हसल्या. खिडकीवरच्या बाई हसल्या! दात दिसले. वरचे दोन कृत्रिम आहेत, काम चांगलं केलंय कोणीतरी.

काल कार्ड आलं. शिडीला राहता येईल. त्यानं बॅग उघडली, तर आत सगळी अवजारं होती आणि कपडे एकच जोडी. म्हणाला, "मला वाटलंच नव्हतं खरंच जावं लागेल." आणि मग तो न्हाणीघरात जाऊन बराच वेळ नळ सोडून उभा राहिला. गळका नळ अजून तसाच आहे.

आता ऐक. आमच्या मधली जागा रिकामी आहे. तू ये. थोड्या दिवसांसाठी का होईना, पण ये. तुझा पासपोर्ट काढावा लागेल. आई सगळं करेल. फोटो मात्र तुझा एकटीचा लागतो.

भिंगरी

ता. क. आजी, शिडी लिहितोय. त्या पोलिसाला चहाचं सांगायची काय गरज होती? तिकडून येताना साखर मी आणायला लावणार नाही. तुम्ही फक्त या.

३० मे

भिंगरे, आणि शिडी, तूही ऐक,

कार्ड आल्याचं वाचून तुझी आई रडली. मी नाही रडले, माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय, डॉक्टरांनी ताण द्यायचा नाही असं सांगितलंय.

(दोघी रडलो. डॉक्टरांनी असं काही सांगितलेलं नाही.)

पासपोर्टच्या कचेरीत गेलो. एकटीचा फोटो हवा म्हणाले तेव्हा मी मनात म्हटलं, आता कशी मजा! माझे तर डबाभर तयार आहेत. डबा बरोबरच नेला होता. त्यातली लग्नातली मी निवडली, त्यात मी सगळ्यात बरी दिसते, आणि खिडकीतल्या मुलाला दिली. त्यानं फोटो बघितला, मग मला बघितलं, मग पुन्हा फोटो.

"आजी, हा कापलेला आहे."

"मग? एकटीचा हवा होता ना?"

"आणि खांद्यावर ही चार बोटं कोणाची?"

"नातजावयाची. त्याची त्याला परत द्यायचीत, म्हणून तर पासपोर्ट हवाय."

त्यानं डोक्याला हात लावला आणि आम्हाला समोरच्या फोटोवाल्याकडे पाठवलं.

फोटोवाल्यानं मला स्टुलावर बसवलं. मागे पांढरा पडदा. म्हणाला, हसू नका, तोंड मिटा, सरळ बघा. म्हणजे तू केलेली कवळी एवढी सुंदर, तीसुद्धा दाखवायची नाही. मी सरकून बसले. तो म्हणाला, "आजी, मधे या." मी पुन्हा सरकले. तो म्हणाला, "अहो, मधेच बसा की." मी म्हटलं, "मधेच बसलेय बाबा, पण बाजूला कोणीच नाही, म्हणून मला समजत नाहीये."

खरं सांगते, भिंगरे. आयुष्यात पहिल्यांदा माझा एकटीचा फोटो निघाला. इकडे बघितलं तर पडदा, तिकडे बघितलं तर पडदा. हात कुठे ठेवायचे ते कळेना. खांदा उघडा उघडा वाटत होता. फोटो आला तर त्यात मी जरा घाबरल्यासारखी दिसतेय, अगदी लिफ्टमधे अडकले होते तेव्हाची. खिडकीतला मुलगा म्हणाला, "हा चालेल." सरकारला असेच चेहरे आवडतात वाटतं.

सहीच्या जागी काय करू विचारलं, तर अंगठा म्हणाला. आता त्यातली तरी मी पक्की आहे.

पासपोर्ट आला. तुझ्या आईनं मला हातात धरायला दिला, आणि मी तो उघडून त्या एकटीला बघून घेतलं. बिचारी.

तेव्हा बाकावर सरकून बसा, पण फार नको, माझ्यापुरतं. नळ दुरुस्त करून ठेव शिडी, मला टपटप ऐकत झोप लागत नाही. आणि त्या शेजारच्या बसचालक बाईंना सांगून ठेवा की ह्या वेळी खुणा करायच्या नाहीत.

लग्नातली कापलेली मी पासपोर्टमधे घालून आणतेय. तुझी चारही बोटं तिच्या खांद्यावर सुखरूप आहेत, शिडी. पाचवा हा माझा अंगठा, खाली उठवलाय. एवढ्यानं एक हात पुरा होतो.

आजी